टाचणीचं श्रुतलेखन

शिवणमावशीकडे कपडे टाकायला जाणं म्हणजे स्वतःच्या पायानं बोलणी खायला जाणं. "ही पँट कोणी शिवली हो? त्याला कधी माणसाचे पाय बघायला मिळाले होते का?" असं ती तोंडावर विचारायची. गिऱ्हाइकं निमूट ऐकून घ्यायची, कारण तिच्या हातची टीप कधी उसवत नसे. दुकान तरी कसलं, घराचीच पुढची खोली. खिडकीशी पायमशीन, भिंतीला लागून कापायचं टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांचा ढीग. त्या ढिगावर फतकल मारून जी अभ्यास करायची, ती टाचणी.

टाचणी ही मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून मावशीनंच तिचं हे नाव पाडलेलं. बहीण दुसऱ्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात नर्स. नवरा गेल्यावर तिनं लेकीला ताईकडे ठेवलं आणि नोकरी धरली. ड्यूटीला काही धरबंध नव्हता, दुसरं करणार तरी काय? आणि ताईकडे ठेवायचं म्हणजे काळजी नव्हती, कारण त्या धाकटीलाही ताईनंच वाढवलेलं. आईवडील लवकर गेले तेव्हा थोरलीनं शाळा सोडली, आईची मशीन पुढ्यात ओढली आणि धाकटीला शिकवलं. याच खोलीत, याच खटखटीत. कोणी त्याचं कौतुक करू लागलं की मावशी कात्री उचलून विचारायची, "माप द्यायला आलात की भाषण द्यायला?"

अभ्यास घ्यायची तिची एक रीत होती. हात शिवणात अडकलेले, मग समोर बसून शिकवणार कशी? मशीनवर पुस्तक उघडं ठेवायचं, पाय चालू ठेवायचे आणि एकेक शब्द ओरडून सांगायचा. टाचणी काळ्या अस्तराच्या तुकड्यावर टेलरच्या खडूनं तो लिहायची. चुकला तर झटकायचा, पुन्हा लिहायचा. अर्थही तिथल्या तिथे विचारले जायचे, आणि ते पुस्तकातले नसायचे.

"विलंब म्हणजे?"

"उद्या नक्की देते!"

"शाबास. उत्सुक म्हणजे?"

"कपडा शिवून व्हायच्या आत आरशासमोर उभा राहतो तो."

"आणि कृतज्ञ?"

"असं गिऱ्हाईक अजून आलेलं नाही."

दोघी पोट धरून हसायच्या. घरी टाचणीचा शब्द चुकेल तर शपथ! शाळेत मात्र श्रुतलेखनाचा कागद कोराच्या कोरा. बाई शब्द सांगायच्या, सगळा वर्ग खाली मान घालून लिहायचा आणि ही आपली पेन्सिल चावत बसायची. का, ते तिलाही सांगता येईना.

शेवटी ही गोष्ट बहिणीच्या कानावर गेली आणि तिचा फोन आला. "ताई, रागावू नकोस. पण तुझ्यावर तरी किती भार टाकू? इथे एक बरं हॉस्टेल आहे, शाळा तिथेच. या परीक्षेतही असंच झालं तर मी तिला घेऊन येते. सुट्टीच्या दिवशी भेट तरी होईल आमची."

"तुझी लेक, तुझी मर्जी," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिनं एका कोटाची बाही उलटी जोडली. टाचणीनं ती उसवायला घेतली आणि मान वर न करता विचारलं, "मी गेल्यावर सुईत दोरा कोण ओवणार? तुला दिसतं तरी का?"

"दिसतं! सगळं दिसतं मला!" मावशी खेकसली. तिला सुईचं भोक दिसेनासं होऊन किती तरी काळ लोटला होता.

मग एका संध्याकाळी मशीनचा पट्टा तुटला. मावशीच्या तोंडाचा मात्र चालूच होता. "आश्चर्य," तिनं शब्द सांगितला आणि पट्ट्याची टोकं जुळवायला वाकली. ढिगावरून काहीच आवाज येईना. बघते तर टाचणी खडू हातात धरून तशीच बसलेली.

"लिही ना गं!"

"मशीन चालू कर ना आधी."

"मशीनचा आणि तुझा काय संबंध?"

"मशीन थांबली की माझा शब्दपण थांबतो."

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. घ्या! वर्गात कुठली आलीय मशीन? तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या शांततेत आमची टाचणी गप्प! इतके दिवस आपण पोरीला शिकवत नव्हतो, खटखटीला बांधून ठेवत होतो. आता त्यापायीच ती आपल्यापासून जाणार!

तिनं शाळेसारखं करून पाहिलं. समोरासमोर बसायचं, शांतपणे शब्द सांगायचे. छे! पाहुण्यांच्या घरी बसल्यासारख्या दोघी अवघडल्या. तिसऱ्याच शब्दाला टाचणीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"मावशी, मी ढ आहे का गं?"

"ढ असेल तुझी मावशी! खबरदार पुन्हा असं म्हणालीस तर," म्हणत मावशीनं तिला उचलली आणि मशीनच्या स्टुलावर बसवली. "ठेव पाय पॅडलवर. पट्टा नाही तर नाही. हलव."

पॅडल हललं. सुई जागची हलली नाही, आवाज म्हणाल तर नुसती कुरकुर. पण टाचणीचे पाय चालू लागले आणि मावशीनं सांगितलेला शब्द सरळ अस्तरावर उतरला. पुढचाही. त्यापुढचाही. मग मावशीनं तिचे पाय पॅडलवरूनही उचलले आणि नुसत्या फरशीवर ठेवले.

"आता मशीन तुझ्या पायात आहे, कळलं? शाळेत कोणी मागितली तरी द्यायची नाही."

परीक्षा होईपर्यंत मावशीनं पट्टा काही बदलला नाही. खोली शांतच ठेवली आणि जमेल ते हातानं शिवलं. गिऱ्हाइकं तणतणत येत, "उद्या नक्की देते" ऐकत आणि तणतणत परत जात.

निकालाला बहीण रजा काढून आली. बाईंनी तिघींना वर्गातच बसवून घेतलं. मावशीचा जीव टांगणीला लागलेला. गळ्यातली टेप काढायचीसुद्धा ती विसरली होती.

"शब्द चांगले लिहिलेत," बाई म्हणाल्या, "पण माझी तक्रार आहे. ही पूर्ण वेळ बाकाखाली पाय हलवत होती. पुढच्या मुलीचं अक्षर वाकडं झालं त्यानं. आणि हे अर्थ कुणी शिकवले हो? विलंब म्हणजे उद्या नक्की देते? अर्धे गुण दिलेत मी. हसू आवरेना, काय करू!"

मावशीनं चोरून बहिणीकडे पाहिलं. बहीण स्वतःच्याच पायाकडे बघत होती. तिची उजवी टाच जमिनीवर आपोआप वरखाली होत होती.

"ताई," तिचा आवाज चिरकला, "वॉर्डात सगळ्या हसतात मला. सलाइन लावताना माझा पाय असाच हलतो. मला वाटायचं, ही कसली खोड लागली. अगं, ही तर आपली मशीन आहे!"

"रडू नकोस, बाई बघतायत," मावशी म्हणाली आणि गळ्यातल्या टेपनंच आपले डोळे पुसू लागली.

आता विचारायचं धाडस उरलं होतं फक्त टाचणीला. "मग मी हॉस्टेलला कधी जायचं?"

आईनं तिला जवळ ओढलं, ताईकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या नक्की नेते हं."

टाचणी खुदकन हसली.

घरी आल्या आल्या मावशीनं मशीनला नवा पट्टा चढवला. मग सुई टाचणीच्या पुढे धरली. "ओव गं दोरा," ती म्हणाली. "मला काही म्हणता काही दिसत नाहीये."