डेलच्या गाण्यावर सांडलेलं हसू

पडदा वर जातो, आणि दिसतं वर्ना स्टॅलर्डचं स्वयंपाकघर. टेबलावर पावासारखी फुगलेली गरम बिस्किटं, सॉसेजची ग्रेव्ही आणि मधोमध जुनं टेपयंत्र. उजवीकडे मी, लॉनी. डेल हॅचरच्या बँडमधला बास वाजवणारा आणि विदूषक. लोकांनी हसावं म्हणून तेव्हा पुढचे दात काळे रंगवायचो. आता रंग लागत नाही, दातच गेलेत.

वर्नाने जन्मभर शाळेत पोरांना जेवण वाढलं. शनिवारी ती अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये अ‍ॅपल-पाय विकायची आणि तिथं होणारं आमचं गाणं टेप करायची. नवरा एवेल गेल्यावर आवराआवर करताना तिला त्यातली एक टेप सापडली. डेलही आता नाही, आणि त्याच्या ऐन उमेदीतल्या कार्यक्रमाची दुसरी टेप कुणाकडे नाही. म्हणून नॅशव्हिलहून रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस ती न्यायला आला होता. त्याच्या बुटांनी कधी चिखल पाहिला नसावा.

मी मात्र केस चापून बसलो होतो. माझ्या खेचराच्या विनोदावर हॉल इतका हसला की डेलला थांबावं लागलं, हे मी न्हाव्याच्या दुकानात चाळीस वर्षं सांगत आलोय. आज पुरावा मिळणार!

डेल गायला. मग म्हणाला, "आता आमचा लॉनी!" मी ताठ बसलो.

खट्ट. लगेच एका माणसाचं गडगडाटी हसू, आणि त्याच्यावरच पुढचं गाणं सुरू.

"माझा विनोद कुठंय?"

"टेप महाग होती. बडबड आली की बटण बंद करायचे मी."

"बडबड? कला होती ती!"

"दर शनिवारी तीच कला रे, लॉनी."

पाहुणा म्हणाला, "गाणं अप्रतिम आहे, बाई. पहिल्या ओळीवरचं ते हसू आम्ही पुसून टाकू."

वर्नाचा चमचा थांबला. एवेलचं हसू होतं ते. खाणीच्या धुळीने त्याची छाती अशी धरली होती, की शेवटची काही वर्षं हसला की ढासच लागायची. म्हणून त्याने हसणंच सोडलं होतं.

तिने टेप काढून एप्रनच्या खिशात टाकली. "मग नाही मिळायची."

"अहो, लोकांना डेल ऐकायचाय."

"मला एवेल ऐकायचाय."

पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? माझ्या साऱ्या कारकिर्दीचा तेवढाच पुरावा उरला होता, तोही दुसऱ्याच्या नवऱ्याच्या घशातला.

"बरं," तो शेवटी म्हणाला, "हसू राहील."

वर्नाने टेप त्याच्या हातात दिली आणि एप्रनने डोळे पुसले. मला राहवेना. "पण तो कशाला हसतोय ते लोकांना कळायला नको? मी विनोद पुन्हा सांगतो, जोडून टाका. एकदा काय झालं, एक खेचर..."

वर्नाने अख्खं बिस्किट माझ्या तोंडात कोंबलं.

"खा मुकाट्यानं. तेव्हा निदान बटण तरी होतं!"