पाठवणीचं इंग्रजी गाणं

गाणं ऐकायचं म्हटलं की मास्तर आधी डाव्या कानात बोट घालायचे. "दोन्ही कान उघडे ठेवले का गाणं इकडून येतं अन् तिकडून निघून जातं," असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. "एक बंद केला का मुक्कामाला राह्यतं."

जालन्यात मस्तगडला आमच्या घराखालच्या गाळ्यात त्यांचा लग्नाचा बँड होता. मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि पायात मात्र रबरी चप्पल. वरातीत पायाकडे कोण बघतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही पाहिले असतील असे मास्तर. फक्त नीट पाहिले नसतील, कारण वरातीत आपण नवरदेव बघतो.

मी तेव्हा कॉलेजात होतो. ऐंशीच्या दशकातले ते दिवस. पुण्याला शिकणाऱ्या मामेभावानं मला एक कॅसेट भरून दिली होती. विलायतेतल्या कुठल्यातरी काळ्या कपड्यांतल्या मंडळींची गाणी. या प्रकाराला गॉथ रॉक म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की यात गिटार मागं रेंगाळते, ढोलावर माणसाऐवजी यंत्र बसल्यासारखं वाटतं आणि गाणारा आडात तोंड घालून गातो. शब्द एक कळत नव्हता आणि मी पार खुळावलो होतो. ऐन मे महिन्यात काळा शर्ट घालून हिंडायला लागलो. आई म्हणाली, "संक्रांत तर कधीच झाली की रे."

त्या कॅसेटवर मामेभावानं एक गंमत करून ठेवली होती. एकच गाणं लागोपाठ दोनदा: आधी मूळ गायकाच्या आवाजात, आणि लगेच या काळ्या मंडळींनी म्हटलेलं. एका दुपारी मास्तरांनी जिन्यातून हाक मारली, "भाऊ, काय लावून राह्यले? खाली आणा की." मी टेपरेकॉर्डरच खाली नेला. मास्तरांचं बोट कानात गेलं. दोन्ही गाणी संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"गाणं पहिल्याचं हाय ना?"

"हो. दुसऱ्यांनी नुसतं म्हटलंय."

"मंग दुसरेबी आपल्यासारखे बँडवालेच की!" मास्तर भलतेच खूश झाले. "पर पहिला गाणं म्हणतो. दुसऱ्याला ते म्हणल्याबिगर राहवलंच न्हाई."

कव्हर व्हर्जन या विषयावर पुढं मी बरंच वाचलं. याहून नेमकं काही मला सापडलं नाही.

त्या दिवशी त्यांनी मनातलं सांगितलं. सगळी हयात सिनेमाची गाणी वाजवण्यात गेली. जे चालतं तेच लोक मागतात आणि तेच दुसरे बँडही वाजवतात. "एक तरी चीज अशी पाह्यजे भाऊ, का लांबून ऐकून माणूस म्हणला पाह्यजे, हे आपले मास्तर." आणि पंधरा दिवसांसाठी त्यांनी कॅसेट मागून घेतली.

इथं मला एक कबूल करायला हवं. त्या कॅसेटची फीत एकदा टेपरेकॉर्डरमध्ये अडकून चुरगळली होती. तेवढा तुकडा कापून मी दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडली होती. त्यामुळे दुसऱ्या गाण्यात सूर वर चढायला लागला की मधलं काहीतरी गायब व्हायचं आणि तो एकदम खाली यायचा. हे मास्तरांना सांगायचं मी विसरलो.

पंधरा दिवसांनी त्यांनी चाल वाजवून दाखवली ती त्या खड्ड्यासकट. मी बोलणार, तेवढ्यात क्लॅरिनेट मांडीवर ठेवून ते म्हणाले, "सगळ्यात भारी ही जागा हाय पाहा. पोरगी सासरी निघती अन् उंबऱ्यात तिचा पाय अडतो, बिलकुल तसं." त्यांचे डोळे भरले होते. माझी चिकटपट्टी माझ्याच तोंडावर बसली.

हे पाठवणीला वाजवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. धोका मोठा होता. पाठवणीचं सिनेमाचं गाणं सगळ्या गावाला पाठ होतं. ते सोडून ही अनोळखी, उदास चाल वाजवली आणि कुणी अपशकुन म्हटलं, तर हंगामातली पुढची लग्नं हातची जाणार. पहिल्यांदा वाजवली ती एका मारवाडी कापड व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. मी मुद्दाम गेलो होतो. चाल सुरू झाली तशी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ती जागा आली, आणि मुलीचे वडील गर्दीतून तरातरा मास्तरांकडे निघाले. ताशेवाल्याचा हात थांबला. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. शेठजी मास्तरांच्या पुढ्यात उभे राहिले आणि खिशात रुमाल शोधत म्हणाले, "मास्टरजी, एक बार और."

दोन हंगामांत ती चाल जिल्हाभर झाली. दुसऱ्या बँडांनी उचलली, आणि लोक म्हणायला लागले, हे पाठवणीचंच गाणं आहे, पहिल्यापासून आहे. मी चिडलो. मास्तर चिडले नाहीत, पण त्यांचं तोंड उतरलं.

"आपणबी उचललीच ना भाऊ. पर वळखणारं एक माणूस निघालं असतं, तं बरं झालं असतं."

"मी आहे की, मास्तर."

"तुमचं काय, तुम्ही तर माडीवरच राह्यता. लांबून वळखाया पाह्यजे."

पुढं नोकरीसाठी मी पुण्याला गेलो. मागे डीजे आले, गाळा बंद झाला. मास्तर वडीगोद्रीला मुलीकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. मला हे वर्षभरानं कळलं. फार वाईट वाटलं. चिकटपट्टीचं सांगायचं राहूनच गेलं होतं.

घरात कॉम्प्युटर आल्यावर मी ते गाणं शोधून काढलं आणि कितीतरी वर्षांनी अख्खं ऐकलं. सूर चढतो, वर जरा घुटमळतो आणि पायरीपायरीनं सावकाश उतरतो. चांगलं आहे. पण मला ते चुकल्यासारखंच वाटलं. खड्डा एकाच कॅसेटमध्ये होता आणि एकाच माणसानं तो जिवाला लावून घेतला होता.

त्यानंतर एकदा कामासाठी जाफराबादला गेलो होतो. दुपारी परतीच्या एसटीची वाट बघत उभा होतो. लांब, वस्तीच्या पलीकडे कुठंतरी लग्न असावं. क्लॅरिनेट ऐकू आली. चाल चढत गेली, चढत गेली आणि एकदम खाली आली. माझं बोट कधी डाव्या कानात गेलं, मला कळलंच नाही.

शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय झालं भाऊ, कान दुखून राह्यला का?"

"न्हाई," मी म्हणालो. "आमचे मास्तर हायेत."