कापसातला माणूस

आमच्या घरात आम्ही दोघे भाऊ. मोठ्याला गाव येडा म्हणे आणि मला थापाड्या. माझ्या बोलण्यावर आमची म्हैससुद्धा मान डोलावत नसे. भाऊ मात्र जन्मात खोटं बोलला नाही. न दिसणारी माणसं त्याच्याशी बोलत, तो त्यांना उत्तरं देई, आणि ती काय म्हणाली असं विचारलं तर जसंच्या तसं सांगे.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन हंगाम झाले असतील. वडनेर भोलजीकडचे आम्ही लोक कापूस मलकापूरच्या जिनिंग कारखान्यात नेत असू. मोकळा कापूस बंडीत, म्हणजे बैलगाडीत, मावावा म्हणून चहूबाजूंनी गोणपाट उभं करायचं, आणि एकानं आत राहून, खालून टाकलेला कापूस गोल फिरत तुडवायचा. या कामात भावाच्या पायाला पाय लावणारा जिल्ह्यात नव्हता. दुसरा माणूस तासाभरात बसकण मारी. भावाला कोणीतरी आतून पावलं मोजून देई, त्यामुळे तो थांबतच नसे. त्यानं तुडवलेल्या बंडीत तीन बंड्यांचा कापूस आणि वर एक रेडा मावे. (रेडा माझ्या पदरचा.) हंगामात घराघरांतून त्याला बोलावणं येई. लोक त्याला शेजारी बसवून जेवू घालत.

पण त्या वर्षी दिवाळीआधी तो दोन दिवस बेपत्ता झाला, आणि आमचं घर चालवणाऱ्या काकांनी लोहाराकडून साखळी करून आणली. कणगीमागे टांगली. मायला म्हणाले, "अजून एक डाव यानं काही केलं, की जिथं येडे बांधून ठेवतात तिथं नेऊन सोडतो याले."

तिकडून परत आलेला एक जण मी पाहिला होता. मोकळा असूनही तो साखळीच्या लांबीएवढंच चालायचा आणि वळायचा. माय धान्य काढायला गेली की कणगीमागे साखळी खुळखुळे.

त्या दिवशी जिनिंगाच्या आवारात बंड्यांची रांग लागलेली. आमची पुढे, काकांची मागे. वेळ जाईना, म्हणून मी शेजारच्या बंड्या हाकणाऱ्या धुरकऱ्यांना एक थाप मारली. म्हटलं, एक तुडवणारा कापसात बुडाला, कोणाला कळलंच नाही, कापसासकट त्याची गठाण बांधून आगगाडीनं रवाना झाली. अजून कापसाच्या कुठल्याही ढिगाला कान लावला तर तो आतून हाका मारतो.

"काऊन बे, गठाणीतून बिडी मांगत होता काय?" एक धुरकरी म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले.

हसून झाल्यावर मी बंडीवर पाहिलं. भाऊ नव्हता.

तो आवारातल्या ढिगावर होता. हा ढीग मी आजवर डोंगराएवढा सांगत आलोय. घराएवढा तरी नक्की होता. भाऊ दोन्ही हातांनी उकरत होता. "थांब, आलो!" असं आत कोणाला तरी ओरडला, आणि वरचा कापूस घसरून त्याच्यावर आला. सगळं पांढरं. आवाज बंद.

एक जण लोखंडी आकडा घेऊन ढीग ओढायला धावला. तो आकडा भावाच्या मानेत शिरलेला मला डोळ्यांपुढे दिसलाच. "आकडा नको!" म्हणत मी डोकं खाली घालून आत घुसलो.

कापूस मऊ असतो म्हणणाऱ्याला एकदा आत घालावं. नाकात तंतू, घशात तंतू. वर कुठं, खाली कुठं, कळेना. ओरडलो तर आवाज ओठांपुढे जाईना. आपण इथंच मरणार, आणि तेही आपल्याच थापेत, एवढंच डोक्यात. तेवढ्यात मनगटाला पकड बसली.

"सापडला!" भाऊ म्हणाला. "भेऊ नको बाप्पा. पाय टाक. मी मोजतो."

आणि तो तुडवू लागला. बंडीत तुडवायचा तसाच, गोल, एकेक पाऊल दाबून कापसाची पायरी करत वर. मी त्याच्या हाताला लोंबकळत.

बाहेर काका उभे. "झालं याचं," ते म्हणाले. "उद्याच नेतो."

"काका, मी बुडलो होतो आत. यानं काढलं मले."

एवढं खरं मी कधी बोललो नव्हतो. धुरकरी पुन्हा हसले.

"तुह्या थापा घरी सांग," काका म्हणाले आणि भावाकडे वळले. "काय झालं रे? तू सांग."

आतून हाक ऐकू आली म्हणून गेलो, असं त्यानं म्हटलं की साखळी.

भावानं डोक्यातला कापूस झटकला. "आत माणूस होता. लय भेला होता. काढला."

काकांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. भावाच्या बोटांचे वळ उठले होते. "बंडी पुढे घ्या," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्यांनी त्याला तुडवायला बोलावलं. चढायच्या आधी तो वाकला आणि रिकाम्या बंडीत पाहून त्यानं विचारलं, "कोणी हाय काय आत?"

काका ओट्यावर कडुलिंबाची काडी चावत होते. काडी थांबली.

"कोणी नाही, भाऊ," मी हळूच म्हटलं. तेव्हा तो चढला.

पुढे कित्येक हंगाम प्रत्येक बंडीपाशी त्यानं तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. साखळी कणगीमागेच गंजली. पण खरं सांगतो, उत्तर द्यायच्या आधी दरवेळी मी वाकून आत बघत असे.