फाट्यावर मांडलेलं गाव

वारंगा फाट्यावरच्या त्या पंक्चरवाल्याचं नाव विचारायचं राहून गेलं. गिऱ्हाईक नसलं की तो चार जणांना घेऊन फरशीवर खडूनं गावाचा खेळ मांडायचा. कुणी चोर व्हायचं, कुणी वैद्य, कुणी पाटलाची सून, आणि फाशांसारखे चिंचोके फेकत त्या गावात जगायचं. गाव दर वेळी नवं, आणि ते नव्या माणसानं मांडायचं, हा त्याचा नियम.

त्या दिवशी जीपची वाट बघताना माझ्या पिशवीत 'विहीर सगळ्यांना खुली करा' अशी मीच लिहिलेली पत्रकं होती. एक त्याला दिलं.

"वाचतो," तो म्हणाला. "जीप येईस्तोवर गाव मांडा. इथं सरकार न्हाई, रीत न्हाई. तुमी म्हणाल ते बराबर."

मी झपाझप मांडलं. मारुती, चावडी, विहीर, बाजार. शेवटी ओढ्यापलीकडे आमची बौद्धवस्ती.

पाण्यात बुडवलेल्या ट्यूबचा बुडबुडा बघावा तसा तो त्या चौकोनाकडे बघत राहिला. बोटं पँटला पुसत म्हणाला, "ओढ्यापल्याड कोण राहते?"

"आमी."

"अन् गाव कोण मांडून राहिलं?"

मला कुणीच अडवलं नव्हतं. तळव्यानं मी तो चौकोन पुसला. पण आमचं घर कोणत्या गल्लीत, कुणाच्या दाराशेजारी काढायचं, ते सुचेचना. हॉर्न वाजला, जीप भरली, निघूनही गेली.

"बसा निवांत," तो म्हणाला. "दुसरी जीप हाय."