एकच चांगला हात

आमचं क्लिनिकल पोस्टिंग ज्या वॉर्डात होतं, त्याच्या संडासात एकही विद्यार्थिनी पाऊल टाकत नसे. पेशंटला स्वतःचं स्वतः शौचाला जाता येतं का, हे तपासणं ऑक्युपेशनल थेरपीचं कामच. आम्ही खाटेशी उभं राहून विचारायचो, "जमतं ना?" आणि फॉर्मवर 'स्वावलंबी' समोर खूण करायचो. फॉर्म अमेरिकेतल्या पुस्तकातून झेरॉक्स केलेला. वर्गातल्या निम्म्या मुली तिकडेच निघाल्या होत्या, फॉर्मबद्दल शंका कोण घेणार?

माझे पेशंट वर्ध्याकडचे, वारज्यात खोली घेऊन राहणारे कारखान्यातले कामगार. लकव्याने डावी बाजू गेली होती, उजवा हात धडधाकट. मीही खूण केली होती. पण दुपारचं ताट रोज तसंच परत जायचं. संध्याकाळी बायको येऊन भरवेल तेवढंच पोटात.

"नखरे," आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "उद्या नाकातून नळी घालणार आहेत. हात चांगला आहे ना?"

मी पेशंटला गाठलं. "काका, जेवत का नाही?"

त्यांनी उजवा हात चादरीखाली ओढला. "ताई, ह्याच हातानं धुवाचं अन् ह्याच हातानं जेवाचं?"

मी त्यांना धरून संडासात नेलं. भांडं तुंबलेलं, भिंतीवर पुसलेली बोटं, नळाला तोटी नाही, साबणाचा पत्ता नाही. बादलीत माशी तरंगत होती. मी तिथेच ओकले.

"तुम्ही तं लिहून टाकलं ना, जमते म्हणून," ते भिंतीला टेकून म्हणाले.

मी सफाईवाल्या मावशींच्या मागे लागून भांडं मोकळं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी येताना मंडईजवळून प्लॅस्टिकचा पाइप, तोटी आणि साबण आणला, तोटी नळाला बसवून तिला पाइप जोडला. पाइपच्या धारेने धुता येतं, हात लावावा लागत नाही. दोनदा करून बघितल्यावर त्यांना ते जमलं. मग तीनदा साबण लावून त्यांनी हात धुतला, हुंगला, पुन्हा धुतला.

त्या दुपारी ताट रिकामं झालं. नळी टळली. मॅडमनी विचारलं, "हे फॉर्ममध्ये कुठे लिहिणार?" जागा नव्हती.

"अजून पोळी भेटन का?" काका म्हणाले.

मी माझा डबा त्यांना दिला. ॲप्रनला अजून संडासाचा तोच वास येत होता. माझ्याच्याने काही खाववलं नसतं.