तांबडीचा मुका माज

आमच्या वडिलांनी तालुक्यातल्या गोवंशाचं भाग्य बदललं, असं त्यांच्या मानपत्रात सोनेरी अक्षरांत लिहिलं आहे. मानपत्र लिहिणाऱ्याने आमचा गोठा पाहिला नव्हता. त्या वेळी तिथे एकूण तीन जनावरं होती, त्यांतल्या दोन म्हशी.

तसं खोटं काही नाही. तरुणपणी आबांनी नेऱ्याला, आमच्या गावी, घरच्या गावठी गाईला विलायती वळूचं बीज नळीने भरवून घेतलं, तेव्हा आसपास कुणी ते केलं नव्हतं. वळूशिवाय वासरू ही गोष्ट गावाला पटेना. कालवड झाली तेव्हा शेजारची काकी बघायला आली आणि म्हणाली, "हिच्या बापाचा काय पत्ता हाय का?" पत्ता नव्हता, वळूचा नंबर होता. आबांनी तो वहीत लिहिला. तेव्हापासून प्रत्येक गाईची आई, वळू आणि माजाची वेळ त्या वहीत आहे. आम्हा भावंडांच्या जन्मतारखा नाहीत.

त्या कालवडीची पिलावळ गावोगाव गेली. पुढे गोठ्यांच्या जागी फार्महाऊस आली, गाई विकल्या गेल्या आणि त्या वंशातली एकच उरली, आमची तांबडी. ती दोनदा भरवली, दोन्ही वेळा उलटली. म्हणजे गाभण राहिली नाही. दादाने सांगून टाकलं, "आबा, आता एकदाच. नाय राहिली तर विकायची." त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. मी पनवेलात बसून वंशाबद्दल हळवा होत होतो. शेण तो काढत होता.

त्यात तांबडी माजावर आली तरी हंबरायची नाही. मुका माज. कुणीतरी नीट बघितलं तरच कळायचं.

सत्काराच्या दिवशी सकाळी वहिनीने बघितलं. "आबा, तांबडीच्या शेपटीला चिकट तार लागलीय, काचेसारखी. माजावर हाय."

"मग संध्याकाळी भरवायची," आबा म्हणाले आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "आबा, मी तर तुमच्याच सत्काराला येतोय. मानपत्र मीच वाचणार आहे."

"बरं झालं. बीजाचं भांडं गाडीत घेऊन या."

पनवेलच्या सभागृहात कार्यक्रम चारचा होता. प्रमुख पाहुणे साडेपाचला आले आणि शेतकरी हा देशाचा कणा आहे, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. आबा फेटा बांधून घड्याळाकडे बघत बसले होते. मानपत्र वाचून झालं, शाल पडली, आणि माईक हातात आला.

"सगल्यांचे आभार," आबा म्हणाले. "आमची गाय माजावर हाय. डॉक्टर, उटा."

सभागृह आधी हसलं, मग टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ गहिवरून म्हणाले, "किती साधेपणा!" साधेपणा कसला, आबा तोवर जिन्यात पोचले होते. मागून डॉक्टर धावत होते. नेऱ्याला पोचेपर्यंत फेटा काढायचं आबांना सुचलं नाही आणि तांबडी त्यांनी फेट्यातच भरवली.

पुढचे तीन आठवडे वहिनी रोज शेपटी बघायची; गाय गाभण राहिली नसेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास माज परत येतो. बाविसाव्या दिवशी दादाच विचारू लागला, "काय दिसतंय का?"

"नाय."

"नीट बघ."

"तुमी बघा मग!"

त्याने बघितलं. काही नव्हतं. विकायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

कालवड झाली. आता तीही मोठी झाली आहे आणि वहीत अक्षर वहिनीचं असतं. मागच्या आठवड्यात मी ती वही चाळली, आबांनी सत्काराबद्दल काय लिहिलंय ते बघायला. त्या दिवसाची नोंद अशी आहे: "तांबडी. माज सकाळी सहा. भरवली रात्री आठ. डॉक्टर कार्यक्रमामुळे उशिरा आले."