करपलेल्या रश्श्याचं चित्र

माझी थोरली जाऊ मोठी कलावंत आहे, असं कारखान्यातली सगळी माणसं म्हणतात. म्हणू देत. त्यांना तिच्या हाताखाली राबायचं नाहीये.

कॅन्टीनमध्ये आम्ही दोघीच. कांदे मी चिरायचे, पातेली मी उचलायची. तिने शेवटी येऊन चिमूटभर मीठ टाकलं की झाला तिच्या हातचा रस्सा! आयत्या बिळावर नागोबा. उरलेला वेळ बाईसाहेब खडू घेऊन दाराशी. काल ज्याने ताटात अन्न टाकलं, त्याचं तोंड आज फळ्यावर, हा तिचा नियम. फुगलेले गाल, लोंबता ओठ, खाली टिंगलीची एक ओळ. लाजेखातर लोक ताटं चाटूनपुसून ठेवायचे. एका रेघेत माणूस पकडते, हे खरं. त्यासाठी रोज पहाटे उठून रद्दी कागदांवर गिरवते, तेही मी पाहिलंय. कष्टाळू आहे मेली.

एकदा रस्सा करपला. मला तिने भाजी आणायला गोदामात धाडलं होतं आणि स्वतः फळ्यावर कुणाच्या तरी मिशा काढत बसली होती. सगळी ताटं भरलेली परत आली. साहेब तणतणत आले.

"कुणाचं काम हे? उद्या सकाळी मला नाव कळलं पाहिजे. ती घरी जाईल."

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, तुमच्यामुळे झालंय. तुम्हीच सांगा त्यांना."

"बघू," ती म्हणाली.

सकाळी दाराशी ही गर्दी! फळ्यावर मी. हातात डाव, उभ्या उभ्या घोरतेय, शेजारी पातेलं धडाडून पेटलंय. खाली लिहिलेलं: 'हळू बोला, स्वयंपाक चालू आहे.'

साहेब पोट धरधरून हसले. "राहू द्या हिला," म्हणाले, "फक्त शेगडीजवळ नको. भांडी घासू दे." 'मी तर गोदामात होते,' असं मी ओरडून सांगत होते, पण ऐकतो कोण?

"ताई, माझ्या डोक्यावर खापर फोडताना लाज नाही वाटली?"

"अगं, नोकरी वाचली ना तुझी?"

संतापून मी फळा पुसायला फडकं उचललं, जवळ गेले. झोपेत माझा ओठ एका बाजूला पडतो, तोसुद्धा बरोबर टिपला होता सटवीने. हुबेहूब मी! आणि मला हसू फुटलं. सगळ्यांदेखत, खो खो.

भांडी घासायला लावलं, ते एक वेळ विसरेन. पण हसवलं, त्याबद्दल मरेपर्यंत माफ करणार नाही.